वारं गेलं ते कुठल्या धमनीतून? मेंदूच्या धमन्यांचा नकाशा कागदावर काढायचा आणि पेशंटवर वाचायचा

सातारा-सांगलीकडे अर्धांगाला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. प्रत्यक्षात वाऱ्याचा काही संबंध नसतो. मेंदूच्या एका भागाला जाणारं रक्त थांबलेलं असतं, नाहीतर धमनी फुटून ते भलतीकडे सांडलेलं असतं. यातली कुठली धमनी, हे बऱ्याचदा सीटी स्कॅनच्या आधीच, खाटेजवळ उभं राहून सांगता येतं. ते कसं सांगायचं आणि त्यानंतर घड्याळ आणि रस्ता यांचा मेळ कसा घालायचा, एवढंच या टिपणात आहे. लिहिताना नर्सिंगचे विद्यार्थी, उपकेंद्रावरच्या सिस्टर, आशाताई आणि गावातले डॉक्टर डोळ्यांपुढे आहेत. घरात बीपीचा पेशंट असेल त्यांनी धमन्यांची नावं सोडून पुढचा भाग वाचला तरी चालेल.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदय मिनिटाला जे पाच लिटर रक्त ढकलतं त्यातलं सातशे-साडेसातशे मिली एकटा मेंदू घेतो. साठा असा त्याच्याकडे नाहीच. सगळा पुरवठा तुटला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरायला लागतात. लकव्यात मात्र बहुधा एकच फांदी बंद पडते आणि शेजारच्या फांद्या थोडंफार रक्त पोचवत राहतात. दर 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण 50 मिली रक्त लागतं. ते 20 च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. 10 च्या खाली गेलं की मरतात. काम थांबवलेल्या पण अजून न मेलेल्या पेशी वाचवण्यासाठीच ही सगळी धावपळ. ऊस सुकलाय पण जळला नाही, तोवर पाणी सोडायचं आहे.

कागदावर नकाशा

पुस्तकातलं चित्र पाहून हा नकाशा डोक्यात बसत नाही, हातानं दहा वेळा काढल्यावर बसतो. कोरा कागद आणि लाल पेन्सिल घ्या. मेंदू खालून पाहतोय असं धरा; म्हणजे पेशंटची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येईल. इथेच निम्मे विद्यार्थी चुकतात, म्हणून कोपऱ्यात आधी 'उ' आणि 'डा' लिहून टाका.

कागदाच्या तळाशी दोन तिरक्या रेघा वर नेऊन एकमेकींना भेटवा. या दोन व्हर्टिब्रल धमन्या. सबक्लेव्हियन धमनीतून निघून त्या मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्या मणक्यापर्यंत हाडाच्या भोकांमधून ओवल्यासारख्या वर चढतात, पहिल्या मणक्यामागे वळसा घेतात आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत शिरतात. मेड्युला आणि पॉन्स हे मेंदूच्या देठाचे दोन भाग; त्यांच्या सांध्यावर दोघी एक होतात आणि तिथून पुढे एकच बेसिलर धमनी, लांबी सुमारे तीन सेंटिमीटर. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एकच प्रवाह पुढे निघतो, तो आठवा. शरीरात हे विरळाच. धमन्या पुढे फुटत जातात, दोन मोठ्या धमन्या मिळून एक होणं जवळपास इथेच पाहायला मिळतं.

मिळण्याआधी प्रत्येक व्हर्टिब्रलला एक बाजूची फांदी काढा: पायका, म्हणजे लहान मेंदूची मागची-खालची धमनी. बेसिलरच्या सुरुवातीला दोन्हीकडे आयका (लहान मेंदूची पुढची-खालची), मध्ये पॉन्समध्ये शिरणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा, टोकाशी सुपीरियर सेरेबेलर (लहान मेंदूची वरची), आणि अगदी वर बेसिलर दुभंगून दोन पोस्टीरियर सेरेब्रल. शेवटच्या दोन जोड्यांच्या मधून डोळ्याची तिसरी नस बाहेर पडते. तिथे एक पिवळी रेघ मारून ठेवा, पुढे लागेल.

आता पुढचा भाग. कागदाच्या मध्यावर दोन्हीकडे एकेक जाड ठिपका द्या: इंटर्नल कॅरोटिडचं तोंड. उजवी कॉमन कॅरोटिड ब्रेकिओसेफॅलिक धमनीतून निघते, डावी थेट महाधमनीच्या कमानीतून. गळ्याच्या घाटीच्या वरच्या कडेशी ती दुभंगते. त्यातली इंटर्नल कॅरोटिड मानेत एकही फांदी देत नाही, एक्स्टर्नल मात्र चेहऱ्याला आणि टाळूला फांद्या देत जाते. सोनोग्राफीत दोघी ओळखायची ही पक्की खूण. कवटीत शिरल्यावर इंटर्नल कॅरोटिड डोळ्याला ऑफ्थॅल्मिक धमनी देते आणि शेवटी दोन फांद्यांत संपते. मधल्या रेषेकडे पुढे जाणारी अँटीरियर सेरेब्रल. बाहेर कानाच्या दिशेनं जाणारी, जाड, जवळजवळ सरळ पुढे चालणारी मिडल सेरेब्रल.

शेवटी जोड द्या. दोन्ही अँटीरियर सेरेब्रलना जोडणारी छोटी अँटीरियर कम्युनिकेटिंग, आणि दोन्ही बाजूंना कॅरोटिड ते पोस्टीरियर सेरेब्रल अशा दोन पोस्टीरियर कम्युनिकेटिंग. कडं पुरं झालं. तुकडे मोजा, नऊ भरले पाहिजेत. दहा किंवा अकरा भरले तर तुम्ही मिडल सेरेब्रल कड्यात धरली आहे. ती कड्याचा भाग नाही, कड्यातून बाहेर पडते. परीक्षेत हमखास विचारतात आणि हमखास चुकतं.

या कड्याला 1664 मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या थॉमस विलिस यांचं नाव आहे. गावच्या नळयोजनेत टाकी एकीकडची बंद पडली तरी रिंगमधून दुसरीकडचं पाणी फिरावं, तसा त्याचा उपयोग. पण पुस्तकातल्यासारखं भरलेलं कडं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. कुणाची एक बाजू दोऱ्याएवढी बारीक, कुणाची नाहीच. म्हणून कॅरोटिड पूर्ण बंद असूनही एकजण शेतात काम करतो आणि दुसरा त्याच बंदीनं आडवा पडतो. बंद व्हायला वर्षं लागली तर जोडवाटा रुंदावतात. गुठळी अचानक येऊन बसली की त्यांना तेवढा वेळच मिळत नाही.

नकाशा पेशंटवर वाचायचा

पहिला नियम: मोठ्या मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, उजवी बाजू डावी. दुसरा नियम: चेहरा, हात, पाय यांत सगळ्यात जास्त काय गेलंय ते बघा.

चेहरा आणि हात जास्त, पाय त्यामानानं बरा: मिडल सेरेब्रल. लकव्यात सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते, कारण हृदयातून सुटलेली गुठळी कॅरोटिडमधून सरळ तिच्यात घुसते. डाव्या बाजूची असेल तर उजवं अंग जातं आणि बोलणंही जातं. पुढची फांदी बंद असेल तर पेशंटला कळतं पण शब्द फुटत नाहीत, मागची असेल तर भडाभडा बोलतो पण अर्थ लागत नाही. अशा माणसाला 'भ्रमिष्ट झालाय' म्हणून घरी ठेवलं जातं. हात-पाय चालू असल्यामुळे कुणाला लकव्याची शंकाच येत नाही, आणि वेळ जातो. उजव्या बाजूची असेल तर डावं अंग जातं आणि पेशंटला त्याचं भानच नसतं. 'मला काय धाड भरलीय' असं म्हणत तो उठायला बघतो आणि पडतो. त्याच्या शब्दावर विसंबू नका.

नजरही बघा. मोठ्या मेंदूतला झटका असेल तर डोळे मेलेल्या भागाकडे, म्हणजे चालणाऱ्या हाताच्या बाजूला वळलेले असतात. पॉन्समधला असेल तर उलटे, लुळ्या हाताकडे. मोठी धमनी अडलीय याचा अंदाज घ्यायला नजरेइतकी सोपी खूण दुसरी नाही.

पाय लुळा, हात बराच ठीक, पेशंट गप्प-गप्प आणि लघवीवर ताबा नाही: अँटीरियर सेरेब्रल. ही कमी वेळा दिसते.

अंगात ताकद आहे, पण चालताना एकाच बाजूच्या चौकटीला धडकतो, ताटातली एकाच बाजूची भाजी तशीच राहते: पोस्टीरियर सेरेब्रल. दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची नजर गेलेली असते. पेशंट 'एका डोळ्यानं दिसत नाही' असंच सांगतो. एकेक डोळा झाकून दोन्हींची तपासणी करा. खरोखर एकच डोळा पडदा पडल्यासारखा काही मिनिटं अंधारून परत आला असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी: ती त्याच बाजूच्या कॅरोटिडमधली गुठळी, ऑफ्थॅल्मिक धमनीत गेलेली. तिला मोतीबिंदूच्या रांगेत उभं करू नका.

चेहरा, हात, पाय सारखेच गेलेत, पण बोलणं, नजर, भान सगळं जागेवर: मिडल सेरेब्रलच्या मुळातून वर चढणाऱ्या मिलिमीटरहून बारीक फांद्यांपैकी एक. बीपी आणि साखरेनं याच फांद्या झिजतात. त्या बंद झाल्या तर छोटा झटका, फुटल्या तर खोल रक्तस्राव. बाहेरून दोन्ही एकसारखे दिसतात. इथे अनुभवाचा तोरा चालत नाही, सीटी लागतोच.

आता मागची यंत्रणा. इथेच सर्वांत जास्त लकवे निसटतात, कारण लक्षणं 'पित्त झालंय' अशी वाटतात: गरगरणं, उलटी, तोल जाणं. बसल्या जागी आधाराशिवाय बसता येत नाही, उभं राहिलं की एकीकडे कोसळतो, सोबत दोन-दोन दिसतं, गिळताना ठसका लागतो, आवाज घोगरा झाला किंवा उचकी थांबत नाही, यातलं काहीही असेल तर पित्ताची गोळी बाजूला ठेवा. व्हर्टिब्रल किंवा पायकाच्या झटक्यात चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची दुसरी बाजू बधिर होते. थंड-गरम कळत नाही, पण हात-पाय हलतात. असं तिरकं चित्र दिसलं की जागा मेंदूच्या देठातच. हलका गरगरणारा पेशंट अचानक झोपाळू झाला तर लहान मेंदूची सूज देठावर दाबतेय असं धरा. बेसिलर पूर्ण अडली तर चारही हातपाय जातात, आणि कधी माणूस पूर्ण शुद्धीत असूनही फक्त डोळे वर-खाली करू शकतो. बेशुद्ध समजून त्याच्यासमोर काहीबाही बोलू नये.

पिवळी रेघ आठवते? एका डोळ्याची पापणी गळली, बुबुळ बाहेर-खाली गेलं आणि बाहुली मोठी झाली, तर पोस्टीरियर कम्युनिकेटिंगच्या मुळाशी आलेला फुगा तिसऱ्या नसेवर दाबतोय, असं सिद्ध होईपर्यंत धरायचं. असा फुगा फुटला की डोक्यात कुऱ्हाड बसल्यासारखं, एका क्षणात टोकाला जाणारं दुखणं येतं, उलटी होते, काही तासांनी मान कडक होते. हात-पाय चांगले असतील तरी हा पेशंट लकव्याच्या पेशंटइतकाच घाईचा.

आणखी एक जागा सांगायलाच हवी. दोन धमन्यांच्या हद्दीवरचा मेंदू म्हणजे कालव्याच्या टेलचा शेतकरी. पाटाला पाणी कमी सुटलं की पहिला तोच कोरडा राहतो. बीपी अचानक पाडलं तर नुकसान या पट्ट्यात होतं: खांदा आणि दंड लुळे, पंजा आणि चेहरा बरे. बीपी 200 दिसलं म्हणून निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळणं हा याचा राजमार्ग. ती सवय मोडलीच पाहिजे. झटक्याच्या पहिल्या तासांत शरीर बीपी मुद्दाम चढवतं, जोडवाटांतून रक्त ढकलण्यासाठी.

फसवणारे

साखर 50-60 वर आली की हुबेहूब लकवा दिसतो. म्हणून ग्लुकोमीटर सगळ्यात आधी. तोंड वाकडं झालंय, पण कपाळाला आठ्या घालता येत नाहीत आणि डोळा मिटत नाही, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे. मेंदूच्या झटक्यात कपाळ वाचतं, कारण त्याला दोन्ही बाजूंचा मेंदू चालवतो. मात्र हातही जड वाटत असेल तर ही वाट धरू नका. फिट येऊन गेल्यावर काही तास एक बाजू ढिली राहू शकते, म्हणून आधी फिट आली होती का ते विचारा.

घड्याळ

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. हे तास 'कधी दिसलं' तिथून मोजत नाहीत. पेशंट शेवटचा धडधाकट कधी होता, तिथून मोजतात. पहाटे पाचला धार काढताना ठीक होता, सहाला गोठ्यात पडलेला सापडला, तर घड्याळ पाचला सुरू झालं आणि साडेनऊला संपलं. दवाखान्यात पोचल्यावर सीटी, रक्त तपासणी, वजन, संमती यांत चांगल्या ठिकाणीही तासभर जातो. म्हणजे साडेआठपूर्वी दारात हवं. जत किंवा आटपाडीच्या एखाद्या वाडीवरून, पाटणच्या वरच्या खोऱ्यातून किंवा महाबळेश्वरच्या घाटातून निघायचं असेल तर घरात घालवायला वेळ नसतोच.

रात्री दहाला ठीक झोपला आणि सकाळी लुळा उठला, तर वेळ रात्री दहाची धरतात. तरीही 'आता काय उपयोग' म्हणून घरी ठेवू नका. मोठी धमनी अडली असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढता येते. ही खिडकी सरसकट सहा तासांची आणि स्कॅन पाहून निवडलेल्या पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतची आहे.

इंजेक्शनचा हिशेब डॉक्टरांसाठी: अल्टेप्लेज किलोला 0.9 मिलिग्रॅम, कमाल 90. त्यातला दहावा भाग एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. साठ किलोच्या माणसाला 54 मिलिग्रॅम होतात, 5.4 आधी, 48.6 नंतर. टेनेक्टेप्लेज किलोला 0.25, कमाल 25, एकदाच. देण्याआधी बीपी 185/110 च्या खाली हवं, आणि या पेशंटमध्येच ते शिरेतून, मोजून खाली आणायचं असतं. वजन अंदाजानं सांगितलं तर डोस चुकतो. शेवटचं वजन कधी झालं होतं ते नातेवाइकांना विचारून ठेवा.

निघण्याआधी आणि वाटेत

108 लावा, ती गाडी फुकट येते. पण येईपर्यंत दुसरा फोन करा, जिथे नेणार तिथे. तीनच प्रश्न: सीटी आत्ता चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन हाताशी आहे का? ते देणारे डॉक्टर आहेत का? तिन्हींना 'हो' आलं तरच तिकडे. जवळचा म्हणून सीटी नसलेल्या दवाखान्यात थांबून, सलाईन लावून, मग पुढे पाठवण्यात दीड तास जातो. आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज यांपैकी तुमच्या गावाला रात्रीच्या वेळी कोणतं खरंच जवळ आहे, हे रस्त्याच्या किलोमीटरवर ठरत नाही, या तीन उत्तरांवर ठरतं. ही चौकशी आजच, दिवसाउजेडी करून नंबर भिंतीवर चिकटवा. नजर एकीकडे वळलेली असेल, बोलणं आणि हात दोन्ही गेले असतील तर चौथा प्रश्न: गुठळी ओढून काढायची सोय आहे का, नसेल तर कुठे पाठवता?

तोंडात काही घालू नका. पाणी नाही, चहा नाही, साखर घातलेलं दूध नाही, गोळी नाही. घसा लुळा असेल तर ते फुफ्फुसात जातं आणि चौथ्या दिवशी न्यूमोनियानं माणूस जातो. साखर कमी निघाली तर ग्लुकोज शिरेतून. ॲस्पिरिनही सीटीआधी नाही, कारण आत रक्तस्राव असू शकतो. उलटी होत असेल तर कुशीवर, दाताची कवळी काढून. सुई लावायची तर चालणाऱ्या हाताला, नॉर्मल सलाईन. साखर कमी नसताना डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, लावलं तर मेंदूचं नुकसान वाढतं. मेंदूला ताकद म्हणून देतात त्या सायटिकोलीनच्या बाटल्यांनी बंद धमनी उघडत नाही. तेलाची मालीश, कबुतराचं रक्त, धूर, कांदा यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. ज्यांचा विश्वास आहे त्यांना एवढंच सांगा, 'आधी फोटो काढून येऊ, मग बघू.' वाद घालण्यापेक्षा हे लवकर पटतं.

चिठ्ठीवर लिहा: शेवटचा धडधाकट दिसल्याची वेळ, साखर, दोन्ही हातांचं बीपी, नाडी पूर्ण मिनिटभर मोजून नियमित की अनियमित, चालू गोळ्या. वॉरफेरिन किंवा तसल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर पाकीटच सोबत द्या. गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार किंवा मोठं ऑपरेशन झालं असेल तर तेही. अनियमित नाडी, किंवा तरुण बाईला हृदयाची झडप आकसल्याचा जुना आजार, हे दिसलं की गुठळी हृदयातून आलीय असा अंदाज बांधता येतो.

सीटीचं एक सांगून ठेवायला हवं. पहिल्या तासांत 'नॉर्मल' आलेला साधा सीटी ही आनंदाची बातमी नाही. रक्तस्राव त्यात लगेच पांढरा दिसतो, अडलेल्या धमनीचा भाग मात्र तासन्‌तास नेहमीसारखाच दिसू शकतो. 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणून नातेवाईक पेशंट घरी घेऊन जातात, ते इथे.

दहा मिनिटांत बरं झालं, तरी

हात लुळा पडला आणि चहा होईपर्यंत परत आला, तर धमनीतली गुठळी विरघळली. ती जिथून आली ती जागा तशीच आहे. मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. त्याच दिवशी सीटी, ईसीजी आणि मानेच्या धमन्यांचं डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यायचं. रक्तस्राव नसेल आणि गुठळी हृदयातली नसेल तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या दोन्ही 21 दिवस, पुढे एकच. महिनोन्‌महिने दोन्ही चालू ठेवल्यानं रक्तस्राव वाढतो. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून घेत राहणाऱ्यांना हे बजावून सांगा. त्याच बाजूची कॅरोटिड 70 ते 99 टक्के अरुंद निघाली तर ती साफ करण्याचं ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांत. सहा महिन्यांनी केलं तर फायदा बराचसा गेलेला असतो. पूर्ण, शंभर टक्के बंद असेल तर तिला हात लावत नाहीत.

मानेत नाडी बघताना घाटीच्या बाजूला, स्नायूच्या पुढच्या कडेशी, एका वेळी एकच बाजू दाबा. दोन्हीकडे एकदम दाबलं तर मेंदूचा पुरवठा तुटतो, आणि तिथल्याच दाब-संवेदकामुळे हृदयाचे ठोके मंदावतात.

तरुण माणसात मात्र हृदय, बीपी, साखर सगळं ठीक निघालं तर मानेबद्दल विचारा. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची हौस अनेकांना आहे. पहिल्या मणक्यामागचा व्हर्टिब्रलचा जो वळसा काढला होता, तिथेच त्या झटक्यानं धमनीचं अस्तर फाटू शकतं. दुखणं मानेच्या मागे एका बाजूला येतं, लकवा काही तासांनी किंवा काही दिवसांनी. 'मान अवघडली होती, मग गरगरलं' असं पस्तिशीतला कुणी सांगत असेल तर मानदुखीची मलम लिहून देण्याआधी त्याला आधाराशिवाय दहा पावलं चालवून बघा, आणि तोल गेला तर मानेपासून डोक्यापर्यंतची सीटी अँजिओग्राफी मागा.